थंडरबर्ड आपल्या हाताला बसेल असं कसं लावायचं: मांडणी, यादी, शोध आणि चुका टाळणाऱ्या सेटिंग्ज

कॉम्प्युटरवर मेलसाठी थंडरबर्ड वापरणारे बरेच जण ते इन्स्टॉल केलं त्या दिवशी जसं दिसत होतं तसंच वर्षानुवर्षं वापरतात, आणि मग "फार किचकट आहे" म्हणून परत ब्राउझरमधल्या जीमेलकडे जातात. माझं मत असं की अ‍ॅप बदलण्याआधी त्याची मांडणी बदलून बघा. मेलच्या अ‍ॅपमध्ये आपला दिवसातला जास्तीत जास्त वेळ जातो तो यादी बघण्यात, कुठला मेल आत्ता उघडायचा आणि कुठला नंतर हे ठरवण्यात. तरी बहुतेकांच्या स्क्रीनवर सगळ्यात जास्त जागा खाऊन बसलेले असतात ते फोल्डर, टूलबार आणि बाजूचं कॅलेंडर. हे उलटं करायचं, म्हणजे यादीला जागा द्यायची, रोजची कामं बोटाखाली आणायची आणि जिथे चूक महागात पडते तिथे अडसर घालायचा.

थंडरबर्डच का? एक तर ते फुकट आणि ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. डिसेंबर २००४ मध्ये १.० आलं तेव्हापासूनची मांडणी कितीतरी वर्षं फारशी हलली नव्हती, मग जुलै २०२३ मध्ये ११५ व्हर्जन आलं (त्याला सुपरनोव्हा नाव दिलं होतं) आणि समोरचा चेहरा बराचसा नव्याने बांधला गेला. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं ११५ आणि त्यापुढच्या व्हर्जनसाठी आहे. तुमच्याकडे त्याआधीचं असेल तर अपडेट करा, सिक्युरिटीसाठी ते तसंही करायलाच हवं. मॅकवाल्यांनी जिथे कंट्रोल लिहिलंय तिथे कमांड वाचावं.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. सेटिंग्जची जागा व्हर्जनप्रमाणे इकडेतिकडे सरकते, त्यामुळे मी सांगितलेली गोष्ट सांगितलेल्या ठिकाणी दिसली नाही तर सेटिंग्जच्या पानावर वरती शोधाची चौकट आहे, तिथे त्या गोष्टीचं इंग्रजी नाव टाइप करा, सापडते.

आधी पसारा आवरा

उजवीकडे टुडे पेन नावाचा पट्टा असतो, त्यात कॅलेंडर आणि कामं दिसतात. तुम्ही थंडरबर्डचं कॅलेंडर रोज वापरत असाल तर राहू दे, नाहीतर एफ ११ दाबा, तो बंद होतो. लॅपटॉपवर एवढ्यानेच यादीला चांगली रुंदी मिळते.

अगदी डावीकडे एक उभी अरुंद पट्टी असते, मेल, अ‍ॅड्रेस बुक, कॅलेंडर, चॅट यांच्या चिन्हांची. फक्त मेलच वापरत असाल तर तिच्या तळाशी असलेल्या बाणावर क्लिक करून ती मिटवता येते. तिच्या शेजारी फोल्डरचा रकाना. त्याच्या वरच्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत तिथे क्लिक करा आणि लोकल फोल्डर्स (म्हणजे मेल सर्व्हरवर नाही, फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर ठेवलेले फोल्डर) वापरत नसाल तर ते लपवून टाका. त्याच मेनूत फोल्डरचा आकार आणि एकूण मेलची संख्या दाखवायची सोय आहे, ती बंदच ठेवा. इनबॉक्समध्ये हजारो मेल आहेत हे सतत दिसून काही उपयोग नसतो, न वाचलेले किती एवढं पुरतं.

तिथेच फोल्डर मोड्स आहेत, आणि दोन-तीन अकाउंट असणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. ऑल फोल्डर्स मोडमध्ये प्रत्येक अकाउंटचं झाड वेगळं दिसतं. युनिफाइड मोडमध्ये सगळ्या अकाउंटचे इनबॉक्स एकात दिसतात, सगळे सेंट एकात. फेव्हरिट मोडमध्ये तुम्ही ज्या फोल्डरवर राइट क्लिक करून फेव्हरिट केलंय तेवढेच. एकापेक्षा जास्त मोड एकाच वेळी चालू ठेवता येतात आणि ते एकाखाली एक येतात. माझी शिफारस अशी की वर युनिफाइड आणि खाली फेव्हरिट, ऑल फोल्डर्स फक्त गरज पडली की. फोल्डरची चाळीस ओळींची उतरंड रोज डोळ्यासमोर कशाला हवी?

युनिफाइडचा एक तोटा मात्र नीट समजून घ्या. ऑफिसचा आणि घरचा मेल एकाच यादीत आला की कुठला कुठून आलाय हे विसरायला होतं. १२८ व्हर्जनपासून (जुलै २०२४) प्रत्येक अकाउंटला रंग देता येतो, अकाउंट सेटिंग्जमध्ये जाऊन ऑफिसला एक आणि खाजगीला एकदम वेगळा रंग द्या. मेल लिहिताना फ्रॉमच्या जागी हा रंग दिसतो, त्यामुळे बँकेला ऑफिसच्या पत्त्यावरून आणि साहेबांना खाजगी पत्त्यावरून उत्तर जायचं टळतं.

तीन रकाने की दोन मजले

व्ह्यू मेनूत लेआउट आहे (विंडोजवर मेनू दिसत नसेल तर ऑल्ट दाबा). तीन पर्याय आहेत. क्लासिकमध्ये डावीकडे फोल्डर, उजवीकडे वर यादी आणि खाली उघडलेला मेल. वाइडमध्ये खालचा मेल पूर्ण रुंदी घेतो. व्हर्टिकलमध्ये फोल्डर, यादी, मेल असे तीन उभे रकाने.

कुठला घ्यायचा हे आवडीपेक्षा स्क्रीनवर ठरतं. १९२० बाय १०८० किंवा त्याहून मोठा स्क्रीन असेल तर व्हर्टिकल, दुसरा विचार करू नका. आजचे स्क्रीन आडवे असतात, उंची कमी आणि रुंदी भरपूर, त्यामुळे यादीला पूर्ण उंची मिळाली की एका नजरेत कितीतरी जास्त मेल दिसतात. शिवाय मेलचा मजकूर अरुंद रकान्यात बसतो म्हणजे ओळी लांबलचक होत नाहीत, आणि लांब ओळ वाचताना पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत येताना डोळा चुकतो तो त्रास कमी होतो.

जुना १३६६ बाय ७६८ चा लॅपटॉप असेल तर तीन रकाने दाटीवाटीने बसतात, काहीच धड दिसत नाही. तिथे क्लासिक ठेवा आणि एफ ८ ची सवय लावा. एफ ८ ने मेलचा भाग बंद होतो, पूर्ण उंचीची यादी समोर येते, मग हवा तो मेल एंटर दाबून वेगळ्या टॅबमध्ये उघडा आणि वाचून झाला की कंट्रोल डब्ल्यू. एंटर दाबल्यावर नवीन खिडकी उघडत असेल तर सेटिंग्जमध्ये ओपन मेसेजेस इन असं आहे तिथे न्यू टॅब करा. पंधरा खिडक्या उघडून बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मेलचा भाग बंद ठेवायचा आणखी एक फायदा म्हणजे यादीतून नुसतं खाली सरकताना मेल आपोआप उघडत नाहीत.

यादी: सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या

यादीच्या वर उजव्या कोपऱ्यात एक चिन्ह आहे, त्यात टेबल व्ह्यू आणि कार्ड्स व्ह्यू. टेबलमध्ये प्रत्येक मेल एका ओळीत आणि त्याचे कॉलम, जुन्या पद्धतीने. कार्डमध्ये पाठवणारा एका ओळीवर, विषय दुसऱ्या ओळीवर. नियम सोपा आहे, व्हर्टिकल लेआउट असेल तर कार्ड, क्लासिक किंवा वाइड असेल तर टेबल. अरुंद रकान्यात टेबल ठेवलं की विषय तीन शब्दांत तुटतो आणि "फॉरवर्ड: रिप्लाय: मीटिंग..." एवढंच दिसत राहतं.

टेबल व्ह्यू ठेवलात तर कॉलम साफ करा. कॉलमच्या ओळीच्या उजव्या टोकाला छोटं चिन्ह आहे, तिथून यादी उघडते. स्टार, अटॅचमेंट, विषय, पाठवणारा, तारीख एवढे ठेवा. कॉरस्पॉन्डंट्स नावाचा कॉलम असतो, तो आलेल्या मेलसाठी पाठवणारा दाखवतो आणि तुम्ही पाठवलेल्यासाठी घेणारा, बाणाच्या खुणेसकट. काहींना तो आवडतो, पण माझ्या अनुभवात नवीन माणूस त्यात गोंधळतो, इनबॉक्समध्ये सरळ फ्रॉम ठेवावा. युनिफाइड इनबॉक्समध्ये अकाउंटचा कॉलम जोडा. मग सगळं मनासारखं झालं की त्याच मेनूत हे कॉलम दुसऱ्या फोल्डरला आणि त्याच्या आतल्या फोल्डरना लावायची सोय आहे, ती नक्की वापरा. ती माहीत नसल्याने लोक एकेका फोल्डरमध्ये जाऊन कॉलम लावत बसतात.

१४० व्हर्जन (जुलै २०२५) असेल तर सेटिंग्जमध्येच कार्ड की टेबल, क्रम कुठला, संभाषणं जोडलेली की सुटी हे सगळ्या फोल्डरसाठी एकदम ठरवता येतं. आणि फोल्डर ओढून हव्या त्या क्रमाने लावता येतात, कित्येक वर्षं लोक हे मागत होते.

संभाषणं जोडलेली ठेवा, म्हणजे थ्रेडेड. व्ह्यू मेनूत सॉर्ट बायच्या खाली थ्रेडेड आहे. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरची बावीस उत्तरं एकाच ओळीत मिटून बसतात. एखाद्या संभाषणाशी आपला संबंधच नसेल तर त्यावर जाऊन के दाबा, पुढे त्यात येणारी उत्तरं यादीतून बाजूला राहतात. डब्ल्यूने उलट, त्यावर लक्ष ठेवलं जातं.

आता अक्षर आणि ओळींमधली जागा. वर उजवीकडे तीन आडव्या रेघांचा मेनू आहे, त्यात डेन्सिटीचे तीन पर्याय आणि शेजारी फॉन्ट साइजचे प्लस मायनस. कॉम्पॅक्टमध्ये जास्त ओळी दिसतात म्हणून तरुण मंडळी तेच घेतात, पण त्यात स्टार आणि बाकीची चिन्हं बारीक होतात आणि माउस नेमका शेजारच्या ओळीवर पडतो. वेबसाइटसाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या नियमावलीत क्लिक करायच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेलचं माप दिलंय, डेस्कटॉप अ‍ॅपलाही ते अंदाज म्हणून धरायला हरकत नाही. आईवडिलांच्या कॉम्प्युटरवर लावून देत असाल तर रिलॅक्स्ड डेन्सिटी आणि फॉन्ट दोन पायऱ्या मोठा. यादीत चार ओळी कमी दिसतील, चालेल.

मराठी मजकुराचं वेगळं बघावं लागतं. सेटिंग्जच्या शोधात फॉन्ट टाका, अ‍ॅडव्हान्स्ड उघडा, वरच्या यादीत भाषेची लिपी निवडायची असते तिथे देवनागरी करा आणि फॉन्ट व आकार द्या. विंडोजवर निर्मला यूआय चांगला दिसतो, लिनक्सवर नोटो सान्स देवनागरी, मॅकवर कोहिनूर देवनागरी. देवनागरीचा आकार इंग्रजीपेक्षा एक-दोन अंकांनी मोठा ठेवा, कारण वेलांट्या, मात्रा आणि खालचे उकार यांना जागा लागते, त्याच आकारात मराठी अक्षर बारीक वाटतं. हे करूनही एखादा मेल अगम्य चिन्हांसारखा दिसला तर तो बहुधा जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखी दिसावीत यासाठीची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून चिकटवलेला असतो, तिथे तुमच्या सेटिंग्जचा दोष नाही, पाठवणाऱ्याला युनिकोडमध्ये किंवा पीडीएफमध्ये मागा.

शोधाच्या दोन चौकटी

थंडरबर्डमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एक चौकट अगदी वरच्या पट्टीत, दुसरी यादीच्या डोक्यावर. दिसायला सारख्या, काम वेगळं.

वरची सगळ्या अकाउंटमध्ये, सगळ्या फोल्डरमध्ये शोधते आणि निकाल नव्या टॅबमध्ये आणते, शेजारी वर्ष, माणूस, फोल्डर असे गाळायचे पर्याय देते. कंट्रोल के. "हा मेल कुठेतरी होता, कधी आला आठवत नाही" यासाठी ही.

यादीच्या वरची म्हणजे क्विक फिल्टर, कंट्रोल शिफ्ट के. ती फक्त समोरच्या फोल्डरमधली यादी गाळते, टाइप कराल तशी यादी लहान होत जाते. त्यात न वाचलेले, स्टारवाले, ओळखीच्या माणसांचे, टॅगवाले (टॅग म्हणजे मेलला लावायची रंगीत खूण), अटॅचमेंटवाले अशी बटणं आहेत. शब्द टाकला की खाली पाठवणारा, घेणारे, विषय आणि मजकूर असे चार पर्याय येतात. महिन्याअखेरीला बिलं शोधायची असतील तर अटॅचमेंटचं बटण दाबा आणि कंपनीच्या नावाची पहिली चार अक्षरं टाका, बहुतेक वेळा एवढ्यात मिळतं. आपल्याकडे तोच माणूस विषय कधी मराठीत लिहितो कधी रोमन लिपीत, त्यामुळे विषयावर शोधून सापडलं नाही तर पाठवणाऱ्यावर शोधा, नाव सहसा बदलत नाही.

"माझे सगळे मेल गायब झाले" असा फोन येतो तेव्हा आधी क्विक फिल्टरच बघायचं. त्या पट्टीत पिनचं चिन्ह आहे, ते दाबलेलं असलं की फोल्डर बदलला तरी फिल्टर तसाच राहतो. मग सेंटमध्ये गेलं तरी काही नाही, इनबॉक्समध्ये काही नाही, माणूस घाबरतो. पिन काढा, दाबलेली बटणं सोडा, किंवा यादीत येऊन एस्केप दाबत जा, मेल परत दिसतात.

तोच शोध पुन्हापुन्हा लागत असेल तर फाइल मेनूत न्यूच्या खाली सेव्ह्ड सर्च आहे. अटी एकदा द्यायच्या, उदाहरणार्थ स्टार असलेले आणि सात दिवसांपेक्षा जुने, म्हणजे आपण उत्तर द्यायचं राहिलेले. हे फोल्डरसारखं दिसतं पण मेल हलत नाहीत, जागच्या जागीच राहतात. हे करून फेव्हरिटमध्ये टाकलं की रोज संध्याकाळी एकदा बघायला फार सोयीचं.

बोटाखालची कामं, आणि एक धोका

सगळे शॉर्टकट पाठ करायची गरज नाही. पुढच्या न वाचलेल्या मेलवर जायला एन. वाचलेला परत न वाचलेला करायला एम. स्टारला एस. काम झालं की ए, म्हणजे अर्काइव्ह. उत्तराला कंट्रोल आर, सगळ्यांना उत्तर कंट्रोल शिफ्ट आर, फॉरवर्ड कंट्रोल एल. एक ते नऊ आकड्यांनी टॅग लागतात आणि शून्याने सगळे निघतात. सकाळी इनबॉक्स उघडून फक्त एन, एस आणि ए या तीन बटणांवर सगळी यादी निस्तरता येते, माउसला हात लावावा लागत नाही.

अर्काइव्हबद्दल थोडं. लोक डिलीट करायला घाबरतात आणि फोल्डरमध्ये टाकायला कंटाळतात, म्हणून इनबॉक्स फुगतो. ए दाबलं की मेल इनबॉक्समधून निघून अर्काइव्हमध्ये जातो, शोधात सापडतो. अकाउंट सेटिंग्जमध्ये कॉपीज अँड फोल्डर्सच्या खाली अर्काइव्ह ऑप्शन्स आहेत, तिथे वर्षाप्रमाणे निवडा. महिन्याप्रमाणे केलं तर फोल्डर फार होतात.

आता धोका. ही एका अक्षराची बटणं लगेच काम करतात, विचारत नाहीत. तुम्हाला वाटतं आपण मेल लिहायच्या खिडकीत टाइप करतोय, पण प्रत्यक्षात मागची यादी निवडलेली असते, आणि तुम्ही टाइप केलेल्या अक्षरांमधल्या एने एक मेल अर्काइव्ह होतो, जेने दुसरा जंक ठरतो. असं झालं तर काही दुसरं करण्याआधी लगेच कंट्रोल झेड, मेल हलवल्याचं आणि डिलीट केल्याचं ते परत फिरवतं. शिफ्ट डिलीट मात्र कायमचं पुसतं, तिथे विचारणा होते ती "पुन्हा विचारू नका" करून बंद करू नका.

वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून कस्टमाइज केलं की टूलबारवरची बटणं हवी ती ठेवता येतात. जे शॉर्टकटने करता त्याचं बटण काढून टाका.

उघडलेल्या मेलचं डोकं

हे दोन मिनिटांचं काम आहे पण माझ्या मते या सगळ्या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं. मेल उघडल्यावर वर जिथे रिप्लाय, फॉरवर्डची बटणं आहेत तिथे मोअरमध्ये कस्टमाइज आहे. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता नेहमी दाखवा, असा पर्याय आहे, तो चालू करा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅड्रेस बुकमधल्या माणसांचं फक्त नाव दाखवा असंही असतं, ते बंद करा. फसवणूक करणारा नावाच्या जागी बँकेचं किंवा तुमच्या साहेबांचं नाव सहज टाकतो, पण त्यामागचा पत्ता भलताच असतो, आणि तो न विचारता डोळ्यासमोर असेल तरच घाईतला माणूस बघतो. अर्थात हुशार भामटा पत्ताही जवळपास सारखा बनवतो, म्हणून पैशाची गोष्ट असेल तर फोन करून विचाराच.

मेलमधली बाहेरून येणारी चित्रं थंडरबर्ड मुळातच अडवून ठेवतं, तसंच राहू द्या, कारण त्या चित्रांतून तुम्ही मेल उघडला हे पाठवणाऱ्याला कळतं. हवं त्या मेलपुरतं किंवा त्या पाठवणाऱ्यापुरतं परवानगी देता येते.

मेल आपोआप वाचलेला कधी धरायचा तेही बघा. लगेच ऐवजी पाच सेकंद थांबून असं ठेवलं तर नुसतं सरकताना मेल वाचलेले होत नाहीत.

लिहिताना होणाऱ्या चुका

अटॅचमेंट विसरणं सगळ्यात नेहमीचं. थंडरबर्ड मजकुरात ठराविक शब्द दिसले आणि फाइल जोडलेली नसली तर आठवण करतं, पण ते शब्द इंग्रजी आहेत, त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याला ही सोय असून नसल्यासारखी. सेटिंग्जमध्ये कंपोझिशनखाली चेक फॉर मिसिंग अटॅचमेंट्स आणि त्याच्या शेजारी कीवर्ड्स, तिथे जोडले, जोडली, जोडलेली, जोडत, सोबत, संलग्न असे तुम्ही खरोखर जसे लिहिता तसे पूर्ण शब्द एकेक करून घाला. मग स्वतःलाच "सोबत फाइल जोडत आहे" एवढा मेल लिहून बघा, खाली पिवळी पट्टी आली पाहिजे.

दुसरं, चुकून पाठवणं. कंट्रोल एंटरने मेल ताबडतोब जातो. दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये नवीन ओळीसाठी ते वापरायची सवय असेल तर अर्धा मेल जातो. कंपोझिशनमध्ये शॉर्टकटने पाठवताना विचारा, हा पर्याय चालू असू दे. जीमेलमध्ये पाठवल्यावर ५ ते ३० सेकंदांत परत घेता येतं तशी सोय थंडरबर्डमध्ये नेहमीच्या पाठवण्याला नाही, म्हणून नाजूक मेल कंट्रोल शिफ्ट एंटरने पाठवा, तो आउटबॉक्समध्ये थांबतो, चहा पिऊन येऊन परत वाचा आणि मग फाइल मेनूतून सेंड अनसेंट मेसेजेस. आणि टूची चौकट शेवटी भरायची, आधी फाइल, मग मजकूर, मग विषय, मग माणूस. पत्ताच नसेल तर मेल जाणारच नाही.

तिसरं, पन्नास जणांचे पत्ते सगळ्यांना दिसणं. टू आणि सीसीत १५ किंवा जास्त पत्ते झाले की थंडरबर्ड स्वतः सांगतं की हे सगळे एकमेकांचे पत्ते बघतील, आणि बीसीसी (ज्यात कुणाला कुणाचा पत्ता दिसत नाही) करायचं बटण देतं. सोसायटीचे सेक्रेटरी, शाळेच्या पालकांना कळवणारे, मंडळाचं पत्रक पाठवणारे, यांनी ती पट्टी कधीही मिटवून पुढे जाऊ नये. पत्ता हीसुद्धा लोकांची खाजगी माहिती आहे.

उत्तर मूळ मजकुराच्या वर सुरू व्हावं की खाली हे अकाउंट सेटिंग्जमध्ये कंपोझिशन अँड अ‍ॅड्रेसिंगखाली ठरतं. आपल्या ऑफिसांमध्ये वर लिहायचीच पद्धत आहे, सही त्या उत्तराखाली आणि मूळ मजकुराच्या वर येईल असं निवडा, नाहीतर सही पार तळाला जाऊन पडते.

आवाज आणि पॉपअप

नवीन मेलचा आवाज बंद करा. पॉपअप ठेवायचाच असेल तर कस्टमाइजमध्ये जाऊन फक्त पाठवणारा आणि विषय ठेवा, मजकुराची झलक काढा, कारण प्रोजेक्टरवर मीटिंग चालू असताना ती सगळ्यांना दिसते.

लावून झालं की

सगळं मनासारखं झालं की प्रोफाइलची कॉपी घ्या, कारण ही मांडणी, कीवर्ड, फिल्टर सगळं प्रोफाइलच्या फोल्डरमध्येच असतं. हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन उघडा, तिथून प्रोफाइल फोल्डर उघडतो. थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि मग तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. टूल्समध्ये एक्स्पोर्टही आहे पण मेल २ जीबीच्या वर गेले असतील तर तो उपयोगी पडत नाही, फोल्डरच कॉपी करावा लागतो. त्यात तुमचे मेल आणि सेव्ह केलेले पासवर्डही असतात, तेव्हा ती डिस्क कुणाला देऊ नका. आणि टूलबार कधी इतका बिघडला की काही सुचेना, तर हेल्पमधून ट्रबलशूट मोडमध्ये सुरू करा, तिथे टूलबार आणि कंट्रोल मूळ स्थितीला आणायचा पर्याय आहे, मेलना धक्का लागत नाही.